गाणे आपले, पण त्यातला आवाज कुठे गेला?

गेल्या १४ एप्रिलची गोष्ट. संध्याकाळी मिरवणूक निघण्याआधी आमच्या वस्तीत एक जुने भीमगीत लावले गेले. मूळ गाणे कॅसेटच्या जमान्यातले. ग्रुपवर फॉरवर्ड होत होत ते कुणाच्या तरी मोबाईलमध्ये आले होते आणि तिथून थेट भल्यामोठ्या साउंड सिस्टीमवर गेले. पोरे नाचायला लागली, पण ज्यांनी तरुणपणी स्वतः गायन पार्टीत ढोलकी वाजवली ते आमचे एक काका कान देऊन ऐकत उभे राहिले आणि म्हणाले, "आरं, ह्यात मागचा कोरस कुठंय? आन् ही हलगी हाय का पत्रा वाजतोय?"

आम्ही आधी हसण्यावारी नेले. काकांचे वय झाले, कानही उतरले असतील असे वाटले. नंतर सहज ती फाईल तपासली. सहा मिनिटांचे गाणे आणि फाईल अवघी २.९ एमबीची. काकांचे कान ठीक होते. गाण्यातले बरेच काही खरोखरच गेलेले होते.

त्या दिवसापासून आम्ही अभ्यासिकेतली चार-पाच मंडळी या विषयाच्या मागे लागलो. आमच्यातले कुणी साउंड इंजिनिअर नाही. पण आपली गाणी हा आपला लिखित इतिहासाइतकाच महत्त्वाचा दस्तऐवज आहे असे आपण भाषणात नेहमी सांगतो, आणि तो दस्तऐवज सध्या ज्या स्वरूपात हातोहात फिरतो आहे त्याची अवस्था काय आहे, हे समजून घ्यायला इंजिनिअर असावे लागत नाही. जे समजले ते इथे मांडतो.

साधा हिशेब

आवाज म्हणजे हवेतली थरथर. ती संगणकात ठेवायची तर तिचे मोजमाप आकड्यांत करावे लागते. ऑडिओ सीडीवर हे मोजमाप सेकंदाला ४४,१०० वेळा होते, प्रत्येक मोजमापाला १६ बिट लागतात आणि डावा-उजवा असे दोन भाग असतात. गुणाकार करा: सेकंदाला १४,११,२०० बिट, म्हणजे १,४११ केबीपीएस. ४४,१०० हा आकडा का? माणसाचा कान फार तर २०,००० हर्ट्‌झपर्यंत ऐकतो, आणि कुठलीही लहर नीट पकडायची तर तिच्या दुपटीहून जास्त वेगाने मोजावे लागते. म्हणून.

या हिशेबाने सहा मिनिटांचे गाणे होते साधारण ६३ एमबीचे. आमच्या हातातली फाईल २.९ एमबीची, म्हणजे ६४ केबीपीएसची. मूळ माहितीच्या बावीस भागांतला जेमतेम एक भाग. हा हिशेब कुणीही करू शकतो. एमबीला आठने गुणा, एक हजाराने गुणा, गाण्याच्या एकूण सेकंदांनी भागा. उत्तर केबीपीएसमध्ये मिळते. मोबाईलमधल्या एखाद्या आवडत्या गाण्यावर करून पाहा.

आता कुणी म्हणेल, एकवीस भाग फेकून दिल्यावर गाणे ओळखू तरी कसे येते? आम्हालाही हाच प्रश्न पडला होता. याचे उत्तर आपल्या कानात आहे.

मिरवणुकीत ढोलताशा जोरात असताना शेजारचा माणूस काय बोलतो ते आपल्याला ऐकू येत नाही. त्याचे बोलणे थांबलेले नसते, त्याच्या आवाजाच्या लहरी आपल्या कानाच्या पडद्यावर येऊन आदळतही असतात. पण मोठ्या आवाजाने तो लहान आवाज झाकला जातो. जवळजवळच्या पट्टीतले दोन आवाज असतील तर हे झाकणे जास्त. एवढेच नव्हे, तर जोराचा ठोका पडल्यानंतर काही क्षण कान बारीक आवाजाला जणू बहिरा असतो. तज्ज्ञ याला मास्किंग म्हणतात.

एमपीथ्रीसारखी पद्धत याच गोष्टीचा फायदा घेते. गाण्याचे ती साधारण २६ मिलिसेकंदांचे बारीक तुकडे पाडते. एका सेकंदात असे ३८ तुकडे. प्रत्येक तुकड्यातला आवाज खर्जापासून तारापर्यंत शेकडो पट्ट्यांत विभागते आणि दर तुकड्याला विचारते: यातले माणसाला काय ऐकू येईल आणि काय झाकले जाईल? जे ऐकू येणार त्याला जास्त बिट, जे झाकले जाणार त्याला कमी किंवा काहीच नाही. बिट कमी दिले की त्या पट्टीतला आवाज खडबडीत होतो, त्यात खरखर शिरते. ही खरखर मोठ्या आवाजाच्या सावलीत लपली पाहिजे, हे सगळे कसब.

म्हणजे हे रेशनच्या दुकानासारखे आहे. दर तुकड्याला ठराविक धान्य आले आहे, घरे शेकडो आहेत, आणि कुणाला किती द्यायचे ते ठरवणारा एक हिशेबनीस बसला आहे. ३२० केबीपीएसला पोती भरलेली असतात, म्हणून सगळ्यांचे भागते. १२८ ला हिशेबनीस हुशार असेल तर निभावते, मात्र तो साधारण १६,००० हर्ट्‌झच्या वरच्या घरांना सरळ परत पाठवतो. ६४ ला तर ज्यांना खरोखर गरज आहे त्यांच्याही ताटातले काढून घ्यावे लागते. सावली लहान पडते आणि लपवलेली खरखर बाहेर दिसू लागते.

कोणाच्या कानाने ठरवले?

सामाजिक शास्त्र शिकलेल्या माणसाला इथे एक प्रश्न सुचतोच: 'माणसाला काय ऐकू येते' हे ठरवणारा माणूस कोण? एमपीथ्रीचे काम मुख्यतः जर्मनीतल्या एर्लांगेन इथल्या फ्राउनहोफर संस्थेत झाले. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याचे मानक ठरले आणि 'एमपीथ्री' हे फाईलचे नाव १९९५ मध्ये पक्के झाले. त्या चमूतले कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग यांनी सुझान व्हेगा या अमेरिकन गायिकेचे 'टॉम्स डायनर' हे गाणे चाचणीसाठी घेतले होते. साथीला एकही वाद्य नाही, नुसता गळा. सुरुवातीच्या आवृत्त्यांत तो आवाज पार बिघडायचा, आणि तो नीट येईपर्यंत ते पद्धतीत दुरुस्त्या करत राहिले. जोनाथन स्टर्न या अभ्यासकाने 'एमपीथ्री: द मीनिंग ऑफ अ फॉरमॅट' या २०१२ च्या पुस्तकात याच्याही मागे जाऊन दाखवले आहे की, या विचाराची मुळे विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या टेलिफोन कंपन्यांच्या संशोधनात आहेत. एका तारेवर जास्त संभाषणे कशी कोंबता येतील, म्हणजेच कानाला किती कमी दिले तरी चालते, हा त्यांचा धंद्याचा प्रश्न होता.

म्हणजे आपली हलगी, आपला शाहिरी गळा यांचा विचारच झाला नाही, असे लगेच म्हणायचा मोह आम्हालाही झाला. पण ते खरे नाही. झाकले जाण्याचा नियम जर्मन कानाला वेगळा आणि आपल्या कानाला वेगळा नसतो. आणि चाचण्यांत कॅस्टनेट्स हे स्पॅनिश करताळासारखे वाद्य आवर्जून वापरले जायचे, कारण त्याचा ठोका तीक्ष्ण आणि अचानक येतो. हलगीचा प्रश्न नेमका तोच आहे. दोष पद्धतीत कमी आणि ती कशी वापरली गेली त्यात जास्त आहे.

नेमके काय हरवते

काकांच्या तक्रारीकडे पुन्हा येऊ. हलगीची टिपरी कातड्यावर पडते तेव्हा आवाज शून्यातून एकदम वर उसळतो. समजा तो ठोका २६ मिलिसेकंदांच्या तुकड्याच्या मध्यावर पडला. बिट कमी दिल्याने आलेली खरखर मात्र सगळ्या तुकड्यावर पसरते, म्हणजे ठोक्याच्या आधीही. ठोक्यानंतरची खरखर ठोक्याच्या सावलीत लपते, आधीची लपत नाही. कानाला ठोक्याआधी एक 'फस्स' जाणवते आणि ठोक्याची धार बोथट होते. चांगले सॉफ्टवेअर अशा जागी तुकडे आणखी बारीक करते, पण त्यालाही बिट लागतात. कमी बिटांत हलगीचा पत्रा होतो तो असा.

झांज, मंजिरी, टाळ यांचे दुसरे दुखणे. त्यांचा आवाज वरच्या पट्टीत सगळीकडे पसरलेला असतो, एका जागी धरता येत नाही. कमी बिटांत या पट्ट्या तुकड्यागणिक चालू-बंद होतात आणि झांज पाण्यात बुडवून वाजवल्यासारखी सळसळते. ही सळसळ एकदा ओळखायला शिकलात की मग ती सगळीकडे ऐकू येते. ते काही फार सुखाचे नाही, आधीच सांगतो.

कोरसचे काय? एकटा गळा पकडणे त्या मानाने सोपे. पाच-सहा जण एका सुरात, पण प्रत्येकाचा किंचित वेगळा श्वास आणि वेगळा उच्चार, हे पकडायला माहिती जास्त लागते. ती नसली की सहा माणसांचा एक गोळा होतो. शिवाय कमी केबीपीएसला डावा-उजवा भेद मोडून दोन्ही बाजू एकत्र केल्या जातात. जुन्या ध्वनिमुद्रणात कोरस एका बाजूला ठेवलेला असेल तर तो मुख्य गायकाच्या मागे दाबला जातो.

आणि टाळ्या. भीमगीतांच्या आणि कव्वालीच्या कितीतरी चांगल्या नोंदी थेट कार्यक्रमातल्या आहेत. शेकडो टाळ्या म्हणजे शेकडो तीक्ष्ण ठोके, कुठलाही क्रम नसलेले. कॉम्प्रेशनच्या जगात टाळ्यांचा आवाज अवघड परीक्षेचा म्हणूनच ओळखला जातो. कमी बिटांत टाळ्यांचा पाऊस होतो, मग पावसाचा नुसता 'श्श' होतो. सभेचा जिवंतपणा त्याबरोबर जातो.

आता जी गोष्ट आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती सांगतो. कॅसेटला मुळातच एक 'हिस्स' असते, टेपच्या चुंबकीय कणांमुळे येणारी. हा आवाज पूर्ण विस्कळीत असतो आणि विस्कळीत आवाज दाबून लहान करणे सगळ्यात कठीण. आपण त्याला कचरा म्हणतो, पण सॉफ्टवेअरला ते कळत नाही. ते त्या हिस्सवरही बिट खर्च करते, आणि गायकाच्या वाट्याचे बिट त्यात जातात. म्हणून 'जुनीच तर रेकॉर्डिंग आहे, क्वालिटी कुठे एवढी आहे, ६४ पुरेल' हा समज अगदी उलटा आहे. स्टुडिओतल्या स्वच्छ गाण्याला १२८ जितके पुरते तितके कॅसेटवरच्या गाण्याला पुरत नाही. जुने आणि खराब ध्वनिमुद्रण जितके, तितके त्याला जास्त बिट द्यायला हवेत. आपल्याकडे नेमके उलटे घडले.

एकदा पिळणे आणि पुन्हा पुन्हा पिळणे

आम्ही कॉम्प्रेशनच्या विरोधात आहोत असा समज होऊ नये. स्पॉटिफायवर ९६, ३२० केबीपीएस अशा वेगवेगळ्या पायऱ्या निवडता येतात. तासभर ऐकायला ९६ ला ४३ एमबी लागतात, ३२० ला १४४ एमबी आणि सीडीच्या दर्जाला ६३५ एमबी. दिवसाला दीड जीबीचा पॅक मारणाऱ्या मुलाला हा फरक पुष्कळ आहे. आवाज दाबून लहान करता आला म्हणूनच आपल्या गायकांची गाणी कॅसेट कंपनीच्या दारात न जाता गावोगाव पोचली.

शिवाय एकदाच आणि नीट दाबलेल्या गाण्यातला फरक बहुतेकांना कळत नाही. आम्ही अभ्यासिकेत आठ जणांवर एक प्रयोग केला. एकच गाणे चार रूपांत: मूळ, ३२०, १२८ आणि ६४. कुठले कुठले ते न सांगता हेडफोनवर ऐकवले. ६४ सगळ्यांनी पकडले. १२८ तिघांनी, तेही झांज आल्यावर. मूळ आणि ३२० यांत कुणालाही खात्रीने फरक सांगता आला नाही, आम्हालाही नाही. आठ जणांवर शास्त्र उभे राहत नाही हे मान्य, पण ॲपल म्युझिकने जून २०२१ पासून जी काहीही न गमावणारी 'लॉसलेस' गाणी द्यायला सुरुवात केली आणि २०२५ पासून स्पॉटिफायही काही देशांत जी देऊ लागले आहे, त्यासाठी साध्या इअरफोनवर ऐकणाऱ्याने जीव टाकायची गरज नाही. त्यातून ब्लूटूथचा इअरफोन असेल तर मोबाईल तो आवाज पाठवताना सहसा पुन्हा एकदा दाबूनच पाठवतो.

खरा घात होतो तो पुन्हा पुन्हा पिळण्यात. आमच्या त्या गाण्याचा प्रवास आम्ही जमेल तेवढा मागे शोधला. आधी कॅसेट. मग एका सीडीत शंभरावर गाणी बसवलेली एमपीथ्री सीडी, जी ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या रस्त्यावर हातोहात खपायची. मग मोबाईल रिचार्जच्या दुकानातून मेमरी कार्डमध्ये 'गाणी भरून' घेतलेली फाईल. ती कुणीतरी बाबासाहेबांचा फोटो लावून व्हिडिओ म्हणून चढवली. अशा साइट आपण दिलेला आवाज तसाच ठेवत नाहीत, स्वतःच्या पद्धतीने नव्याने दाबतात. त्या व्हिडिओतून पुन्हा कुणी एमपीथ्री काढली, लहान व्हावी म्हणून ६४ ला. आणि ती ग्रुपवर आली.

झेरॉक्सची झेरॉक्स काढावी तसे हे. प्रत्येक वेळी नवा हिशेबनीस येतो. आधीच्याने लपवलेली खरखर त्याला खरा आवाज वाटते, तो तिच्यावरही बिट खर्च करतो आणि वर स्वतःची खरखर घालतो. वेगवेगळ्या पद्धती एकावर एक आल्या की आधीचे लपवणे उघडे पडते. गेलेले परत येत नाही. ६४ ची फाईल '३२० एचडी' म्हणून सेव्ह केली तर आकार पाचपट होतो, आवाज तोच राहतो. अशा बनावट ३२० फाईली भरपूर फिरतात. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फाईल उघडून स्पेक्ट्रोग्राम पाहा. रंगीत पट्टा वरच्या बाजूला सुरीने कापल्यासारखा सरळ रेषेत संपत असेल तर समजा, ही कधीतरी कमी दर्जात पिळली गेली आहे.

जाता जाता एक गोंधळ मिटवू. डीजेवाले आणि स्टुडिओवाले 'कॉम्प्रेशन' म्हणतात ते वेगळे. त्यात फाईल लहान होत नाही, तर हळू आवाज वर आणि मोठा आवाज खाली आणून सगळे एका पातळीत केले जाते. आपल्या जयंतीच्या रिमिक्समध्ये हे दोन्ही एकदम भेटतात आणि वर बेस. त्यावर स्वतंत्र लिहावे लागेल.

नावही पुसले जाते

आवाजाबरोबर आणखी एक गोष्ट झिजते. वामनदादा कर्डकांसारख्या कवींच्या गाण्यांत शेवटच्या कडव्यात कवीचे नाव गुंफलेले असते. आपल्या लोकांनी कॉपीराइटचा कायदा वाचण्याआधी स्वतःची नोंद करून ठेवायची काढलेली ही तरतूद. आता फाईल लहान करायची, रील तीस सेकंदांची करायची, म्हणून गाणे कापले जाते आणि कापताना शेवटचे कडवे पहिले जाते. कॅसेटच्या कव्हरवर गीतकार, संगीतकार, कधी कधी वादकांचीही नावे असायची. 'न्यू जयभीम सॉंग ०७' या फाईलवर काहीच नसते. केबीपीएस कमी झाले हे निदान ऐकू तरी येते. नाव गेले तर त्याची सळसळही ऐकू येत नाही.

हे नाव नुसत्या मानाचेही नाही. कायद्यानुसार गीतकाराचा हक्क त्याच्या निधनानंतर ६० वर्षे राहतो आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षे. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क आणखी भक्कम केला. वामनदादा २००४ मध्ये गेले, म्हणजे २०६४ पर्यंत हा प्रश्न जिवंत आहे. म्हणूनच जुनी कॅसेट जतनासाठी उतरवून ठेवणे वेगळे आणि ती आपल्या चॅनेलवर चढवणे वेगळे. चढवण्याआधी वारसांशी बोलावे, असे आमचे मत आहे. घरे सापडतात, शोधली तर.

कॅसेट उतरवताना

यात आम्ही भरपूर चुका केल्या, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो. वस्तीत, विहारात, कुणाच्या माळ्यावर अजूनही कॅसेटी आहेत. मिळाल्या की आधी कव्हरचा, आतल्या कागदाचा आणि कॅसेटच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढा. मग कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन छोटे प्लास्टिकचे कान पाहा. ते शाबूत असतील तर मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचे बटण दाबले गेले तरी पुसले जाणार नाही. आमच्या हातून एकदा अकरा सेकंद गेली. ती आता कुठेच नाहीत.

प्लेअरचे हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. त्याच्या बाजूचा बारीक स्क्रू म्हणजे हेडचा कल. तो थोडा जरी बिघडलेला असेल तर वरचे सूर दबतात, आणि दोन्ही बाजू एकत्र केल्या की आणखीच दबतात. वाजत्या कॅसेटवर तो अगदी हळू फिरवत गेलात की एका जागी आवाज एकदम उघडतो. आम्ही महिनाभर 'कॅसेटच खराब आहे' म्हणत बसलो होतो, आणि दोष या स्क्रूत होता. कॉम्प्रेशनला दोष देण्याआधी हे तपासा.

लॅपटॉपचे माइकचे भोक बहुधा एकाच बाजूचा आवाज घेते, त्यामुळे साधा यूएसबी ऑडिओ इंटरफेस लागतो. ध्वनिसंग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना जतनासाठी किमान ४८,००० हर्ट्‌झ आणि २४ बिट सांगते, ९६,००० असेल तर अधिक चांगले. ४८ आणि २४ ला साठ मिनिटांच्या कॅसेटची वेव्ह फाईल साधारण एक जीबीची होते. एका पेन ड्राइव्हवर पन्नास-साठ कॅसेटी मावतात, त्यामुळे जागेची सबब उरत नाही. जागा वाचवायचीच तर फ्लॅक करा. तेही कॉम्प्रेशनच आहे, पण काहीही न टाकता घडी घालणारे. उघडले की एकेक बिट परत मिळतो.

मूळ फाईलवरची हिस्स काढू नका, आवाज वाढवू नका, काहीच करू नका. सफाई करायची ती तिच्या नकलेवर. कारण हिस्स काढणारे सॉफ्टवेअरही झांज आणि श्वास खाऊन टाकते, आणि दहा वर्षांनी याहून चांगले सॉफ्टवेअर येईल तेव्हा हातात मूळ असले पाहिजे. मूळ दोन-तीन ठिकाणी, वेगवेगळ्या घरांत ठेवा. वाटायची प्रत मात्र खुशाल एमपीथ्री करा, २५६ किंवा ३२० ला, थेट मुळातून, एकदाच. मेसेजिंग ॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे फाईल जशीच्या तशी जाते. व्हिडिओ म्हणून पाठवलात की पुन्हा पिळली गेलीच. आणि आज गाणाऱ्या पोरापोरींना एक विनंती: गाणे व्हॉइस नोटवर पाठवू नका. व्हॉइस नोट बोलण्यासाठी बनलेली आहे, गाण्याच्या मानाने तिचे बिट फारच थोडे. मोबाईलच्या रेकॉर्डरमध्ये हाय क्वालिटी किंवा वेव्हचा पर्याय असतो, तो निवडायला दोन सेकंद लागतात.

ज्या गाण्यावरून हे सगळे सुरू झाले, त्याची कॅसेट शेवटी त्याच काकांच्या बहिणीकडे, लग्नातल्या पत्र्याच्या पेटीत सापडली. उतरवली. हिस्स आहे, मध्ये एका ठिकाणी टेप चुरगळलेली आहे. पण कोरस आहे. काकांना हेडफोन लावून दिला तर दुसऱ्या कडव्याला त्यांनी हात वर केला आणि कोरसमधल्या दोन जणांची नावे सांगितली. कव्हरवर ती नावे नव्हती. आम्ही ती फाईलच्या माहितीत लिहून ठेवली आहेत. तिसरा आवाज कुणाचा ते त्यांना आठवत नाही, शेजारच्या गावात एकांना विचारायला जायचे आहे. दुसरी बाजू अजून उतरवायची आहे. प्लेअरचा पट्टा सरकतो आहे, तो बदलून मिळाला की येत्या रविवारी बसू.